अर्पिताचा हरलेला डाव

(जालन्यातलं कॉम्प्युटरचं दुकान. काउंटरवर दोन मशीन चालू.)

मिथुन : डावीकडं सहा कोअरचा प्रोसेसर, उजवीकडं सोळाचा. बुद्धिबळाचं तेच सॉफ्टवेअर, अन् तुम्ही दिलेला डाव दोन्हीवर बराबर टाकला, काका.

रामकिसन : माझ्या पोरीचा डाव हाय. जिल्ह्याची फायनल. जिंकत आल्ती अन् एका चालीनं घात केला. ती चूक कोण जल्दी पकडतो, तेच बघायचं.

अर्पिता : पप्पा, दुसरा डाव न्हाई का भेटला तुम्हाला?

रामकिसन : थांब की गं. हं, मिथुन?

मिथुन : सहावाला सेकंदाला सत्तर लाख चाली तपासून राह्यला, सोळावाला दोन कोटी. हे बघा, सोळावाल्याला सापडलं! हत्ती मारू द्यायचा, मंग घोड्यानं शह. चार सेकंद. अन् सहावाल्याला... आत्ता. अकरा.

रामकिसन : घरच्या डबड्याला तीन मिनिटं लागल्ती. असल्या मशीनवर तयारी करून पोरगी हरणारच. सोळावालाच बांधा.

अर्पिता : मला दोन लागली.

रामकिसन : काय?

अर्पिता : मिनिटं. ही चाल दिसायला. तिथं बसल्या जागीच दिसल्ती.

रामकिसन : मंग खेळली का न्हाईस?

मिथुन : मी... चहा सांगून येतो.

रामकिसन : अगं, राज्याला गेली असतीस! दोन वर्षं राबलो आपण त्याच्यासाठी!

अर्पिता : मंठ्याला जिंकले, तवा आईनं शिरा केल्ता. मी हातसुद्धा लावला नव्हता, अन् तुम्ही मला मशीनपुढं बसवलं. सतरा चुका दाखवल्या. बदनापूरला जिंकले, तवा बावीस. जिंकल्याचा आनंद मला एकदाबी झाला न्हाई, पप्पा. म्हणलं, हरून तरी बघावं.

रामकिसन : हरून काय भेटणार व्हतं?

अर्पिता : वाटलं, जवळ घेताल. येताना बसमध्ये मी रडत होते, अन् तुम्ही मोबाइलवर प्रोसेसर बघत बसले.

रामकिसन : तुझ्यासाठीच बघत व्हतो ना मी...

अर्पिता : माहिती हाय. म्हणून तर बोलता येत नव्हतं.

मिथुन : घ्या, चहा आला. काका, मंग बांधू का सोळावाला?

रामकिसन : दोन मिनिटं... मशीनला तीन, अन् हिला दोन?

अर्पिता : पप्पा.

रामकिसन : आं?

अर्पिता : आत्ताबी तुम्ही स्क्रीनकडंच बघून राह्यले.