सातव्या कडव्यातलं हेरिंग

...नाही, तुम्हीच सांगा, वीस वर्षं माझी बरणी नाताळच्या जेवणाला जाते तशीच परत येते, कुणी काटासुद्धा लावत नाही, का? तर माझ्या सासऱ्यांना, थोरवालना, माझ्या हेरिंगनं मारलं म्हणे! आता हेरिंग म्हणजे काय हो, मासा, व्हिनेगर, साखर, कांदा, अख्खा डेन्मार्क खातो! पण सासरे एका रविवारी दुपारी माझ्या हेरिंगच्या बशीपुढं, खुर्चीत बसल्याबसल्या गेलेले सापडले. डॉक्टर म्हणाला, हृदय. पण डॉक्टरला विचारतोय कोण? सासूबाई बरणीकडे बघून उसासा टाकायच्या, "योना, तुझा हात जरा जडच गं..." आणि माझा नवरा आयविन, "तू आपलं बटाट्याचं सॅलड करत जा ना." दगा दिला हृदयानं, आणि नाव कुणाचं? माझ्या हेरिंगचं!

तर परवा सासूबाईंना नव्वदावं लागलं. गावच्या हॉलमध्ये सगळा गोतावळा, टेबलावर छोटे झेंडे, भाजलेलं डुक्कर, पार टोकाला माझी बरणी, आणि गाणं! गाण्याशिवाय वाढदिवस कसला? घरच्याच कुणीतरी रचायचं, ओळखीची चाल लावायची, छापील कागद सगळ्यांना वाटायचे, आणि एकदा सुरू झालं की सगळ्यांनी शेवटपर्यंत गायचं. छप्पर कोसळलं तरी आधी कडवी संपवायची, मग पळायचं! गाणं रचलं वालबोर्गआत्यांनी, सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीनं. आणि पियानोवर कोण? चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती रॅग्नहिल्ड... सोज्वळ, मान खाली, अगदी गरीब गाय!

सहा कडवी झाली. सासूबाईंचं बालपण, सायकल, लग्न, छान चाललं होतं. मग आलं सातवं, आणि तुम्हाला सांगते, सगळा हॉल एका सुरात...

"एके दिवशी थोरवाल गेला ऑर्गन ऐकायला,
रॅग्नहिल्डच्या पलंगावर प्राण सोडायला!
तिनं नि मी हातगाडीत घालून आणला,
विजार चढवून हेरिंगपुढं नेऊन बसवला!
हुर्रा, हुर्रा, हुर्रा!"

थांबलं का कुणी? छे! डोळे बटाट्याएवढे झाले, पण तोंडं चालूच! आयविन गातोय, पाद्री गातोय, आणि रॅग्नहिल्ड... कानापर्यंत लाल, पण एक सूर चुकेल तर शपथ! आणि मी? मी तर असा आवाज लावला की झेंडे हलले! पुढची पाच कडवी सासूबाईंच्या फुलझाडांवर होती, तीही गायली आम्ही, टाळ्याही वाजवल्या. रीत म्हणजे रीत!

मग मी उठले. बरणी उचलली आणि टेबलाच्या मधोमध आणून आदळली. "घ्या! वीस वर्षं कुणाला बोल लावत होतात? माझ्या हेरिंगला!"

आयविन खाली मान घालून बशी पुढं करतोय. आत्या म्हणतात, "हे बघ, मी पंच्याऐंशीची. आता आणखी किती दिवस पोटात ठेवू?" आणि सासूबाई शांतपणे एक तुकडा तोंडात टाकून म्हणतात कशा, "मला त्याच दिवशी कळलं होतं. विजार मागची पुढं होती ना."

"अहो, मग मला का छळलंत?"

"अगं, पंचक्रोशीत ऑर्गन वाजवणारी ही एकच. तिच्याशी वाकडं घेऊन माझ्या मयताला वाजवणार कोण? तू काय, घरचीच!"

घरचीच! ऐकलंत? पण काय सांगू तुम्हाला, बरणी निपटली हो! पाद्र्यानं तर पावानं कडा पुसून खाल्ल्या. जिंकले मी! वीस वर्षांनी जिंकले! छाती अशी भरून आली...

तेवढ्यात सासूबाई तोंड पुसत म्हणाल्या, "योना, माझ्या मयताच्या जेवणाला हेच ठेव हं. गावाला पुरेल एवढं."

घ्या! म्हणजे मरणार सासूबाई, वाजवणार रॅग्नहिल्ड, गावभरचे कांदे सोलणार मी, आणि नाव कुणाचं?... माझ्या हेरिंगचं!