खालचा कागद

विद्यापीठाच्या शिस्त समितीच्या दाराबाहेर, बाकावर माझ्या शेजारी एक विद्यार्थिनी आणि तिचे वडील बसले होते.

“बाबा, वसतिगृहाच्या पाण्यात अळ्या होत्या. मी फोटो टाकला. त्यात खोटं काय?”

“खोटं कोण म्हणतंय? विद्यापीठाची बदनामी झाली म्हणतात. आचारसंहितेत तसं कलम आहे.”

“आणि अळ्यांसाठी कलम नाही?”

“हळू बोल गं, आत ऐकू जाईल. माफीनाम्यावर सही कर आणि मोकळी हो. परीक्षा तोंडावर आलीय.”

“सगळ्या मुली म्हणतात, तुझंच बरोबर आहे. पण कानात म्हणतात.”

“शहाण्या आहेत. तू आईवर गेलीस. बघू तो माफीनामा. हं, ठीक आहे. आणि हा खालचा कागद कसला?”

“तो नुसता जोडायचाय. सगळ्यांकडून घेतात म्हणे.”

“‘मी स्वेच्छेने माझा प्रवेश रद्द करत आहे.’ अगं, हे वाचलंस का?”

“वापरणार नाहीत म्हणाले. फायलीत पडून राहील.”

“यावर तारीख नाही.”

“मग?”

“तीस वर्षं कंपनीच्या ऑफिसात कारकुनी केली मी. नव्या माणसाकडून राजीनामा असाच लिहून घ्यायचो, बिनतारखेचा. तो जास्त बोलायला लागला, की तारीख मी घालायचो.”

“किती जणांची घातलीत, बाबा?”

शिपायाने दार उघडलं. “सह्या झाल्या का? चला आत.”

“नाही केल्या. मीही येतोय तिच्याबरोबर.”

“पालकांना परवानगी नाही.”

“बरं. जा बाळा तू. कागद माझ्याकडे राहू देत.”