जवायाच्या ट्रालीची पिन

...आता तुमीच सांगा, स्लॅबमंधली सळई म्हंजे पिन असते काय? टॅक्टरच्या हुकात ट्रालीची दांडी येते, दोघाईच्या भोकातून जाड पिन जाते, अन् पिन वर उसळू नये म्हनून खालून तिले क्लिप लावतात, एवढंच तर हाये ते सारं! आमच्या जवायानं पिनेच्या जागी घराच्या बांधकामातली उरलेली सळई टाकली, वरून वाकवली, अन् क्लिपच्या जागी गुंडाळली तार. अन् तुमाले सांगतो, मले दिसलं होतं. निघाच्या आधी दिसलं होतं. मी बोललो नाई.

दुसरा कोनी असता तर गोष्ट येगळी होती. मी शेषराव, बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डात बत्तीस वर्सं काढलेला मानूस. काम काय, तर डब्याले डबा जोडनं. दोन डब्यांच्या मधात शिरायचं, कपलिंग लावायचं, हातानं हालवून पाहायचं, मंगच झेंडी दाखवायची. रिटायर होऊन बाळापूरजवळ आपल्या गावात येऊन बसलो, पन सवय जाते काय? कोनाच्या सायकलले पिशवी अडकवलेली दिसली तरी मी हात लावून पाहतो. आमची घरवाली केशरबाई म्हनते, "लोकायच्या पिशव्यायले हात लावू नोका, एखांद्या दिवशी मार खासान."

तर झालं काय, आमच्या पोरीले, भावनाले, अकोल्याच्या एका शाळेत नोकरी लागली. तिथं खोली घेतली, ती सकाळच्या बसनं पुढं गेली, अन् सामान घेऊन आमी मांगून. आमी म्हंजे मी, केशरबाई, अन् जवाई स्वप्निल. टॅक्टर-ट्राली जवायाचीच, तो आमच्याच गावचा, शेतीपायी गावातच राहनार. पोरगा लय चांगला, शब्दाले शब्द देत नाई, पन एक खोड हाये... जे मोडलं ते दुकानातून आनाचं नाई, घरातलंच काही तरी लावाचं. चपलेले तार, दाराले तार, अन् ट्रालीलेही तार.

सामान चढवता चढवता मी वाकलो, अन् पाह्यलं. यार्डात असतो तर तिथंच शिटी मारून गाडी थांबवली असती. पन हे जवायाचं काम. सासऱ्यानं जवायाच्या गाडीखाली वाकून खोट काढनं बरं दिसते काय? म्हनून मी नुसता खोकललो.

तर तो म्हनते, "मामाजी, पानी देऊ काय?"

मी पानी पेलो. काय करू?

केशरबाई ट्रालीत दिवानावर बसली. म्हनलं, "मडगार्डवर ये." तर म्हनते, "मले दिवानच बरा. अन् कूलर कोन धरीन?" मांगं कपाट दोरानं बांधलेलं, बाजूले जवारीचं पोतं, अन् मधात ही. मी जवायापाशी मडगार्डवर. आता मडगार्ड काई बसाची जागा नाई, हेही मले मालूम होतं, पन त्या दिवशी मले सारंच मालूम होतं अन् तोंड तेवढं बंद होतं.

मोठ्या रस्त्याले लागाच्या आधी एक नाला हाये, त्यावर पूल, अन् पुलाले लंबा चढ. अर्ध्या चढावर कोन्या हुशार मानसानं गतिरोधक केला. सकाळचे दहा झाले असन. टॅक्टर त्या गतिरोधकावरून गेला, मांगं खट्ट झालं, अन् तुमाले सांगतो, टॅक्टर असा हलका झाला... पिसावानी. जवाई खुशीत आला. म्हनते, "मामाजी, पाहा, चढावर कसा पिकअप घेऊन राह्यला."

मी मांगं पाह्यलं. ट्राली नाई.

म्हंजे होती, पन दूर होती, अन् अजून दूर जाऊन राह्यली होती. उतारावर उलटी. चार चाकांची ट्राली, तिले ना ब्रेक, ना साखळी. अन् दिवानावर केशरबाई, एका हातानं कूलर धरलेला, तोंड माह्याकडं. सारी जिंदगी मी फलाटावरून लोकायले लहान होत जातानी पाह्यलं, पन आपली बायको तशी लहान होत जातानी कवा पाह्यली नव्हती. अन् ती काय ओरडून राह्यली? "अवो, मले सोडून कुठी चालले?"

मी उडी मारली. गुडघे साठीचे, पन धावले. यार्डात डबा सुटला तर चाकाखाली लाकडाचा गुटका सारतात, तेच डोक्यात. ओरडत सुटलो, "गुटका लावा, कोनी गुटका लावा रे!" तिथं मोटरसायकलवाला एक जन उभा होता. त्यानं माह्याकडं असं पाह्यलं, अन् खिशात हात घालून म्हनते, "काका, पुडी हाये, पन ही येळ हाये काय? बाई चालली तिकडं."

अन् खाली, ट्रालीच्या मांगं, ऑटो. वावरात निंदनाले चाललेल्या बायायनं भरलेला. ऑटोवाला अनुप, वळखीचा, त्यानं मांगं घ्याले पाह्यलं तं त्याचा ऑटोच बंद पडला. बाया धडाधड उतरून बाजूले झाल्या. मी रस्त्याच्या कडेचा गोटा उचलला, चाकामांगं टाकला. चाकानं गोटा उडवून देला. दुसरा टाकला, मोठा, दोन हातानं. चाक त्याच्यावर चढलं... थांबलं... पुन्ना हाललं. तेवढ्यात त्या बायायतली एक, इंदूबाई नाव तिचं, धावत आली अन् तिनं दुसऱ्या चाकामांगं गोटा सारला. मंग साऱ्याच आल्या. कोनी इटा, कोनी दगड. चारी चाकं बुजून गेली. ऑटोत अन् ट्रालीत दोन हात जागा राह्यली होती. मी मोजली. तिथंच रस्त्यावर बसून, हातानं मोजली.

केशरबाईले बायायनं खाली उतरवलं. कूलर तिनं सोडलाच नव्हता, बोटं एकेक करून सोडवा लागली. जवाई चढावरून पळत आला, तोंड पांढरं. हातात ती सळई, तार कुठं गेली देवाले मालूम. म्हनते, "मामाजी... मले वाटलं टिकीन."

मी म्हनलं, "स्वप्निल, मले दिसलं होतं."

केशरबाई पानी पेत होती, तिनं गिलास खाली ठेवला.

"काय दिसलं होतं?"

"सळई. गावातूनच दिसली होती."

"मंग बोलले काहून नाई?"

"जवाई हाये ना तो... कसं बोलनार, मानाचा मानूस."

तिनं माह्याकडं पाह्यलं, रागानं नाई, अगदी सादं पाह्यलं. म्हने, "अन् मी कोन हाये?"

मी खाली ठेवलेला गिलास उचलला, पुन्ना भरून तिच्या हाती देला.

जवाई त्याच मोटरसायकलवाल्याच्या मांगं बसून बाळापूरले गेला. जाड पिन आनली, क्लिप आनली, अन् मी न सांगता दोन साखळ्या आनल्या. म्हनते, "मामाजी, तुमीच लावा." मी टॅक्टरखाली शिरलो, पिन टाकली, क्लिप लावली, साखळ्या आडव्या घेतल्या, हातानं हालवून पाह्यलं. केशरबाई म्हने, "अजून एकडाव पाहा." अजून एकडाव पाह्यलं. मंग अनुपच्या ऑटोतून बायायनं हात हालवले अन् आमी हळूहळू अकोल्याले गेलो. केशरबाई बसनं आली.

आता आयका. तवापासून जवाई रोज सकाळी टॅक्टर काढाच्या आधी माह्या दारापुढं उभा करते. "मामाजी, पाहून घ्या." एक झालं. मंग त्याचं पाहून शेजारच्या रामरावाचा टॅक्टर. मंग पलीकडच्या आळीतले दोन. मंग पेरनीचे दिवस आले, तं सहा वाजता दारात रांग, अन् मी चहा पेल्याबिगर एकेकाच्या खाली. बोलाची सवय लागली ना आता, कोनाले सोडत नाई. लोकं आयकतातही. कोनी नाई आयकलं तर केशरबाई दारातून नुसती त्याच्याकडं पाहते, तो जाऊन क्लिप घेऊन येते.

काम चांगलं हाये, माह्या आवडीचं हाये, नाई म्हनत नाई. पन तुमाले सांगतो... रेल्वेत निदान आठ दिवसातून एक रेस्ट तरी भेटे.