साहेबांचा गुलाब आणि आठ तांबे

चहा घ्या, पण निष्ठेच्या गोष्टी मला सांगू नका. निष्ठेपायी एक गुलाब मरता मरता वाचलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

रत्नागिरीच्या कचेरीत मी कारकून होतो. साहेब दोन महिन्यांच्या रजेवर बोटीने मुंबईला गेले, आणि जाताना व्हरांड्यातली गुलाबाची कुंडी दाखवून म्हणाले, "जरा लक्ष असू द्या." झालं! आम्ही सात कारकून. रोज आल्या आल्या प्रत्येकाने शिरस्तेदारांना दिसेल असा एकेक तांब्या ओतायचा. पंधरवड्यात पानं पिवळी पडली, कळ्यांवर मावा चढला.

आमचा पट्टेवाला गणू म्हणाला, "अहो, मुळं कुजतायत. पाणी थांबवा."

शिरस्तेदार खेकसले, "साहेबांचं झाड वाळलं तर जबाब तू देणार?" दुसऱ्या दिवसापासून त्यांचाही तांब्या सुरू झाला.

तेवढ्यात बातमी आली, की साहेबांची परस्पर बदली झाली. त्यानंतर कुंडीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मीसुद्धा नाही. एकट्या गणूने चिखल उपसला, कोरडी तांबडी माती भरली, माव्यावर तंबाखूचं पाणी शिंपडलं.

आणि बातमी निघाली खोटी! साहेब परतले, तर गुलाबाला चार टपोरी फुलं.

"कोणी जगवलं हे?"

आम्ही आठही जण पुढे सरलो. साहेब गोंधळले. त्यांनी मागे उभ्या गणूला विचारलं, "काय रे, काय घातलं याला?"

गणू म्हणाला, "विशेष काही नाही साहेब. तुमची बदली झाल्याचं कळलं, आणि झाडानं जीव धरला."