तिरकी भोकं

छपाईच्या दुकानात माझा नंबर काही येत नव्हता. पुढच्या बाईनं गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलचा रिकामा, पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवला आणि ती छापणाऱ्याशी हळू आवाजात बोलू लागली.

“यावर चित्र छापायचंय. बटणांची भोकं जरा तिरकी गेलीत.”

“दिसतंय, ताई.”

“बाबांनी पाडलीत. चाळीस वर्षं पेडल बनवतायत, पण हल्ली हात थरथरतो. मी नवीन डब्याला सरळ भोकं पाडून आणली असती, पण त्यांच्या लगेच लक्षात येईल.”

“मग काय करू म्हणता?”

“चित्रच असं काढा, की भोकं मुद्दाम तिरकी पाडल्यासारखी वाटतील. लाटाबिटा काहीतरी.”

“लाटाच काढल्यात. हे बघा.”

“अहो, मी तर आत्ता सांगतेय!”

“बाबांनी कालच भोकांचा फोटो पाठवला होता.”

“काय म्हणाले?”

“जाऊ द्या ना.”

“सांगा.”

“म्हणाले, नक्षी भोकांच्या कलानं घे. पोरीला कळता कामा नये.”

तिनं डबा जवळ ओढून तिरक्या भोकांवरून बोट फिरवलं.

“ताई, छापू ना?”

“छापा. आणि मी काही बोलले, हे त्यांना सांगू नका.”