सासूबाईंच्या नावाचा पतंग

सून : हलू नका आई, तुमच्या खांद्यावर बसलाय.

सासू : बसू दे की. आत्ताच कोषातून निघालाय, पंख तरी वाळू देत बिचाऱ्याचे. मला काय, दुपारभर अशीच बसेन. कुठला गं हा पतंग? माझ्या नावाचा?

सून : नाही, हा पिवळा. तुमच्या नावाचा राखी. तो बघा, पडद्यावर.

सासू : अगं बाई, दोन-दोन पाहुणे! या सुरवंटांना पानं घालून घालून माझी कंबर मोडली.

सून : तेच सांगायचंय. हे सगळे सुरवंट अंड्यांच्या एकाच पुंजक्यातले. एकाच आईचे.

सासू : मग? भावंडं काय एकसारखी असतात? तुझा नवरा आणि त्याची बहीण बघ.

सून : तसंच झालंय. पिवळे सगळे नर निघाले, राखी सगळ्या माद्या. पतंगांचा एवढा अभ्यास करूनही बाबांना वाटलं होतं, राखी म्हणजे वेगळीच जात. लॅटिन नावातलं पहिलं, आडनावासारखं, ते दोघांना सारखंच. पुढे मात्र त्यांनी राखीला तुमचं नाव लावलं. पण ती वेगळी नाहीच. या पिवळ्याचीच बायको आहे.

सासू : म्हणजे तुझे सासरे चुकले?

सून : त्यांना जोडी कधी एकत्र दिसलीच नाही हो.

सासू : मग पिवळ्यालाही माझं नाव लावून टाक. हाय काय अन् नाय काय!

सून : तसं चालत नाही. ज्याचं नाव आधी छापलं गेलं, तेच दोघांचं. पिवळ्याचं नाव बाबांच्या जन्माआधीचं आहे.

सासू : असं. म्हणजे माझं जाणार.

सून : अगदी पुसत नाहीत. त्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत राहतं.

सासू : त्यात नवीन काय? लग्न झाल्यापासून तिथेच आहे मी.

सून : आई...

सासू : थट्टा केली गं. पण वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तुझ्या सासऱ्यांनी मला कधी ‘छान दिसतेस’ म्हटलं नाही. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, ‘त्या राखीला तुझं नाव दिलंय. जरा मीठ सरकव.’ किती दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते!

सून : म्हणूनच ही चूक सांगणारा लेख छापायला पाठवला नाही अजून. तुम्ही नको म्हणालात तर नाहीच पाठवणार. आपल्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक नाही.

(सासू पडद्यावरच्या राखीकडे बघते, मग मान वळवून खांद्यावरच्या पिवळ्याकडे.)

सासू : या पिवळ्याचं नाव काय गं?

सून : लॅटिनच आहे. अर्थ ‘झोपाळू’. दिवसभर पंख मिटून पडलेला असतो ना.

सासू : झोपाळू! अगदी तुझे सासरे. हातात भिंग धरून खुर्चीत घोरायचे. मी हळूच काढून घ्यायला गेले की डोळे मिटूनच म्हणायचे, ‘जागा आहे मी.’

सून : आई, रडताय तुम्ही.

सासू : रडू दे. पाठव तो लेख. ते असते तर कुरकुरत का होईना, त्यांनीच पाठवला असता. चूक कळल्यावर झाकून ठेवणारा माणूस नव्हता तो.

सून : नक्की?

सासू : पाठव म्हटलं ना. कपाटात त्यांनी टाचणीनं लावून ठेवलेले पतंग कुठे आहेत?

सून : पिवळे वरच्या खणात. राखी खाली, वेगळ्या पेटीत.

सासू : आता एका पेटीत येतील?

सून : हो. शेजारी शेजारी.

सासू : मग तेवढं मला करू दे.