मी लोकांना निजवायचे त्या टेबलावर

माझं माहेर करमाडचं. लग्न होऊन हर्सूलला आले, मालक वाळूजला कंपनीत. पोरी शाळंत जायला लागल्या तशी मी दवाखान्यात लागले, दुर्बिनीच्या खोलीत, सोळा वर्सं झाली आता. दुर्बीन म्हंजे ती लांब काळी नळी, तोंडातून घालतेत, खालून बी घालतेत, पोटातलं सगळं टीव्हीवर दिसतं. ती मी धुते. काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं धुन्यात काय एवढं, पन एकाची घान दुसऱ्याच्या पोटात जाऊ नाय म्हनून आतून ब्रश घाला, औषधात बुडवा, लई नेट लावावा लागतो. माझ्या हातची नळी आजवर कुनी परत पाठवली नाय.

पेशंटला टेबलावर बी मीच निजवते. कुशीवर व्हा, गुडघे पोटाशी घ्या, शरमायचं नाय, रक्त जात आसंल तर लपवायचं नाय. असं सगळ्यांना सांगनारी मी, आन मला सोताला रक्त जायला लागलं तर चार महिने कुनाला बोलले नाय, मालकाला बी नाय. मूळव्याध आसंल म्हनलं. खरं सांगते, ज्यांना रोज चहा देते त्यांच्यापुढं असं कसं निजायचं, हीच शरम.

एक दिवस नळी धुता धुता चक्कर आली, खालीच बसले. आमच्या डॉक्टर मॅडमनी पापनी वढून बघितली, म्हनल्या, सुनंदाबाई, रक्त कुठून जातंय तुमचं? मग रडूच आलं, सगळं सांगितलं.

तपासलं तर आतड्याच्या पार शेवटाला मोठ्या लिंबाएवढी गाठ. ऑपरेशनवाले सर म्हनले, आतडं कापावं लागंल, पोटावर संडासाची पिशवी येईल, कदाचित कायमची. मालकानं इचारलं, दुसरा काय उपाय नाय का? पन मॅडम म्हनल्या, गाठ वरच्या थरातच वाटती मला, दुर्बिनीतून सोलून काढता येईल, मात्र आतडं फाटायची भीती हाय, आन कॅन्सर खोल निघाला तर ऑपरेशन चुकनार नाय. मी म्हनलं, मॅडम, तुमचा हात मी रोज बघते, काढा तुम्ही.

लोकांना निजवते त्याच टेबलावर मी कुशीवर निजले. पुरती भूल नव्हती, थोडी गुंगी. टीव्ही समोरच. गाठीखाली निळं पानी सोडलं, गाठ फुगून वर आली, मग बारीक सुरीनं कडंकडंनं सोलत गेल्या, हळूहळू, तीन तास. मधी रक्त आलं, तवा मी डोळे मिटले. लई वेळानं म्हनल्या, बंद झालं. गाठ आख्खी निघाली, एका तुकड्यात, थर्माकोलवर टाचन्या लावून मला दाखवली.

रिपोर्टाला आठ दिवस लागले. तवर मालकानं स्वयंपाक केला, मला पेज, पोरींना करपलेली भाजी, ती बी त्यांनी खाल्ली. रिपोर्टात कॅन्सर होता, खोटं कशाला सांगू, पन वरच्याच थरात, कडा साफ. मालकानं इचारलं, म्हंजे काय? मॅडम म्हनल्या, म्हंजे बाईला घरी न्या, पिशवी नाय, ऑपरेशन नाय, पन सांगितल्या टायमाला तपासायला आना.

त्याला दोन वर्सं झाली. गेल्या महिन्यात तपासलं, साफ हाय. परत उगवलीच तर परत काढू, मी काय भेत नाय. मॅडमला आवंदा मुलगी झाली, तिला झबलं शिवलं मी, जरा मोठंच झालं, पन लेकरू काय, वाढतंय. लई आयुष्य मिळो तिला, आन तुम्हाला बी.